जुन्या आउटबोर्ड मोटरी: जपाव्यात की पळवाव्यात?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापुराचा वेढा पडला, तेव्हा गल्लीबोळांतून फिरणाऱ्या रबरी होड्या साऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या. होडीच्या पिछाडीच्या फळीला अडकवलेले आणि पाण्यात पंखा फिरवणारे जे इंजिन त्यांना ढकलत होते, त्याला बचाव पथकातले जवान ‘ओबीएम’ म्हणतात. म्हणजे आउटबोर्ड मोटर. उचलून आणावी, फळीला स्क्रूंनी आवळावी, दोरी ओढावी आणि निघावे, असे हे साधे कामाचे यंत्र. त्याच्या सत्तर-नव्वद वर्षांपूर्वीच्या मॉडेलांना जीव लावणारी आणि ती नुसती मांडून न ठेवता शर्यतीत पळवणारी मंडळी अमेरिकेत बरीच आहेत. युरोपात आणि न्यूझीलंडमध्येही आहेत. त्यांच्यात एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. जुनी मोटर पूर्ण वेगाने पळवली की झिजते, एखादा भाग तुटला तर तसा दुसरा मिळत नाही. मग तिला पाण्यात घालायचीच कशाला? पण कायमची फळीवर टांगून ठेवली, तर ती काय करू शकत होती हे पुढच्या माणसाला कळणार कसे? माझे मत पळवणाऱ्यांच्या बाजूचे आहे. मात्र ते मांडताना दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके लेखून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे.

होडीवर काढता-घालता येणारी मोटर तशी जुनी कल्पना. १८८१ साली ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसमध्ये सीन नदीवर विजेवर चालणारी अशी मोटर चालवून दाखवली होती. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेट्रोलवरची मोटर विकायला काढली. पण धंदा खऱ्या अर्थाने उभा केला तो ओले एव्हिनरूडने. नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणीच विस्कॉन्सिनला आलेला हा कारागीर. १९०९ साली मिलवॉकीत त्याची मोटर बाजारात आली: एक सिलिंडर, दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. पत्रव्यवहार आणि जाहिरात त्याची पत्नी बेस सांभाळत असे, आणि लोकांना वल्ही फेकून द्यायला सांगणारी ती गाजलेली जाहिरात तिचीच. पुढे बेसच्या आजारपणामुळे एव्हिनरूडने धंद्यातला आपला वाटा विकला, काही वर्षे बाजूला राहिला आणि १९२१ साली ‘एल्टो’ ही दोन सिलिंडरची, बरीचशी ॲल्युमिनियमची, ४८ पौंडांची मोटर घेऊन परतला. त्याच सुमारास इंडियानातल्या जॉन्सन बंधूंनी ३५ पौंडांची ‘लाइट ट्विन’ आणली. आता एकटा माणूस मोटर उचलून तळ्यावर नेऊ शकत होता.

तरी शर्यतीला अजून वेळ होता. दीड-दोन हॉर्सपॉवरची मोटर होडीला पाणी कापत पुढे ढकलते, इतकेच. होडीचा तळ पाण्यावर चढला, ती पाणी फाडण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागली, की मग वेगाला उधाण येते. जॉन्सनची सहा हॉर्सपॉवरची ‘बिग ट्विन’ १९२६ च्या सुमारास आली आणि हलक्या होडीला तिने पाण्यावर चढवले. ताशी सोळा मैल, म्हणजे सुमारे २६ किलोमीटर. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण पुढची चार-पाच वर्षे अमेरिकेतल्या तळ्यांवर जे घडले त्याची सुरुवात इथे आहे. एल्टोने १९२८ साली चार सिलिंडरची ‘क्वाड’ काढली. लॉकवुड, केल असे इतर कारखाने शर्यतीच्या खास मोटरी घेऊन उतरले. ऑल्बनीहून न्यूयॉर्कपर्यंत हडसन नदीवरून लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. कॅलिफोर्नियाची लॉरेटा टर्नबुल ही तरुणी पुरुषांच्या बरोबरीने उतरून जिंकू लागली आणि युरोपातही जाऊन आली. १९३० च्या आसपास वेगवान होड्या ताशी पन्नास मैलांच्या घरात पोचल्या होत्या.

शर्यतीचे नियम इंजिनाच्या आकारावर बेतलेले होते, आणि जुन्या मोटरींचे पुढे जे झाले ते या नियमांमुळेच. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही १९०३ पासूनची संस्था. तिच्या आउटबोर्ड वर्गांना अक्षरे आहेत आणि प्रत्येक अक्षरामागे घन इंचांची मर्यादा. आपल्या हिशेबात सांगायचे तर ‘ए’ वर्ग साधारण २५० सीसीचा, ‘बी’ ३३० चा, ‘सी’ ४९० चा, आणि ‘एफ’ जवळजवळ हजार सीसीचा. या वर्गांसाठी जॉन्सनने १९३० च्या आगेमागे केआर, एसआर आणि पीआर ही तीन मॉडेले खास शर्यतीसाठी बनवली. त्याच वेळी जागतिक मंदी आली. जॉन्सन कंपनी कर्जात बुडाली आणि १९३०च्या दशकाच्या मध्यावर एव्हिनरूडच्या गटात गेली. शर्यतीच्या मोटरी बनवणे परवडेनासे झाले. तळ्यांवर मात्र माणसे शर्यती लावतच होती, आणि त्यांच्याकडे होत्या त्याच मोटरी होत्या.

म्हणजे आउटबोर्ड शर्यतीत जुनी मोटर वापरणे ही अलीकडची हौस नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच ‘सी’ वर्गातले लोक उत्पादनातून गेलेल्या पीआरवर शर्यती करत होते, आणि त्यांच्या मुलांनी युद्धानंतरही केल्या. मोटार शर्यतीत दरवर्षी नवे यंत्र येते आणि जुने भंगारात जाते. इथे नियमांनी विशिष्ट मोटर धरून ठेवली, ती मोटर लागत राहिली, म्हणून तिचे भाग बनवणारे, तिला लावायचे पंखे घासणारे आणि तिचा ठिणगी देणारा मॅग्नेटो दुरुस्त करणारे लोकही टिकले.

पीआर जरा जवळून पाहू. दोन सिलिंडर एकमेकांच्या विरुद्ध दिशांना आडवे पसरलेले, मध्ये एकच क्रँककेस. दोन्ही पिस्टन एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात, आणि दोन्ही प्लग एकाच क्षणी पेटतात. त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो आणि दोन सिलिंडर असूनही कानाला एका सिलिंडरचा ठोका ऐकू येतो. हवा-इंधनाचे मिश्रण क्रँककेसमध्ये कधी शिरायचे ते फिरती झडप ठरवते. मोटरीच्या माथ्यावर उघडे फ्लायव्हील असते; त्याच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, दोरी गुंडाळायची आणि ओढायची. न्यूट्रल नाही. इंजिन पेटले की पंखा फिरलाच. म्हणून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मदतनीस होडी धरून ठेवतात, चालक गुडघ्यांवर बसून मागे वळतो आणि दोरी खेचतो; मोटरीने दम धरला की मदतनीस हात सोडतात आणि चालकाला त्याच झटक्यात पुढे वळून चाक पकडावे लागते. थ्रॉटलचा खटका दुसऱ्या हातात दाबून धरायचा असतो. हात सुटला की स्प्रिंग तो मागे ओढते आणि इंजिन पडते, म्हणजे चालक पाण्यात फेकला गेला तर होडी मोकाट सुटत नाही.

शर्यत उभ्या जागेवरून सुरू होत नाही. किनाऱ्यावर मोठे घड्याळ असते, त्याचा काटा शेवटचे मिनिट मोजतो, आणि होड्या वेगातच रेषेकडे येतात. काटा शून्यावर येण्याआधी रेषा ओलांडली तर बाद. अर्धा सेकंद उशीर झाला तर पुढच्याच्या फेसाळ पाण्यातून वाट काढायची. मग तरंगत्या बोया डाव्या हाताला ठेवून वळसे. शर्यतीचा पंखा बहुधा दोन पात्यांचा असतो, आणि तो अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरेल इतका वर बसवतात, कारण पाण्यात बुडालेला धातू जितका कमी तितका अडथळा कमी. त्या पात्यांची कड, पीळ आणि खोली हाताने घासून जमवावी लागते. कुठल्या होडीला, कुठल्या पाण्यावर, कुठला पंखा, हे शर्यतीतले निम्मे शहाणपण. ते कागदावर फार थोडे आले आहे; पंखा घासणाऱ्याच्या हातात आणि कानात ते असते, आणि मोटर शर्यतीत पळाली तरच ते दुसऱ्याच्या हाती जाते.

इंधनाची गोष्ट तर आपल्या जवळची आहे. पीआरसारख्या मोटरींच्या वर्गांत पेट्रोलऐवजी मिथेनॉल जाळतात. मिथेनॉल आत शिरताना इंजिन गार ठेवते, त्यामुळे जास्त दाब देता येतो. पण ते दुपटीच्या आसपास लागते, म्हणून कार्ब्युरेटरचे जेट मोठे करावे लागतात. टू-स्ट्रोक इंजिनाला इंधनातच तेल मिसळावे लागते, आणि साधे खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही. मिसळते ते एरंडेल. एरंडीचे सर्वात मोठे पीक भारतात निघते, त्यातले बहुतेक गुजरातेत. जुन्या शर्यतींच्या मैदानावर जो गोडसर जळका वास भरून राहतो तो याच तेलाचा. एरंडेल कडक उष्णतेतही पातळ होऊन सोडून जात नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याची खोडही तितकीच मोठी: ते तापून राळेसारखे घट्ट होते. शर्यतीनंतर मोटर धुऊन न ठेवता तशीच वर्षभर ठेवली, तर पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, आणि मिथेनॉलने ओढलेला ओलावा ॲल्युमिनियम खात बसतो. म्हणजे जी मोटर कमी चालते तीच जास्त कुजते, हे इथे अक्षरशः घडते.

युद्धानंतरचा काळ कार्ल कीकहेफरच्या ‘मर्क्युरी’ मोटरींचा. कीकहेफरने १९३९ साली विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्गचा एक बंद पडत आलेला कारखाना घेतला. खरे तर त्याला तिथे दुसरीच यंत्रे बनवायची होती. गोदामात ‘थॉर’ नावाच्या, ग्राहक कंपनीने नापास करून परत पाठवलेल्या शेकडो आउटबोर्ड मोटरी पडून होत्या. त्या दुरुस्त करून विकल्या आणि धंद्याला दिशा मिळाली. कीकहेफर शर्यतीवेडा होता. १९५५ आणि १९५६ मध्ये त्याचा संघ नॅसकार मोटार शर्यतींतही अव्वल ठरला. आउटबोर्डमध्ये त्याने चाल अशी खेळली: दुकानात मिळणाऱ्या मोटरीचेच शर्यतीचे रूप विकायचे, खाली ‘क्विकसिल्व्हर’ नावाची सडपातळ गिअरकेस, न्यूट्रलही नाही आणि रिव्हर्सही नाही. त्यामुळे सामान्य उत्पन्नाच्या माणसाला शनिवार-रविवारी शर्यत करता येऊ लागली. १९५०च्या दशकातली मर्क्युरी २०एच ही त्यातली सर्वांत लाडकी मोटर. तिचे उत्पादन केव्हाच थांबले, पण तिचा वर्ग पुढेही राहिला, आणि ज्यांचे आजोबा २०एच चालवत होते अशी पोरे तीच मोटर चालवत वयात आली.

कमाल वेगाच्या विक्रमांची रेघ इथून वेगळी फुटते. सिएटलच्या ह्यूबर्ट एन्ट्रॉपने १९५८ साली सहा सिलिंडरच्या मर्क्युरीवर ताशी १०७ मैल गाठले आणि दोन वर्षांनी एव्हिनरूडच्या मोटरीवर १२२ पार केले. या विक्रमांचा गाजावाजा खूप झाला, पण जुन्या मोटरींच्या जगात त्यांचे महत्त्व मला फार वाटत नाही. तिथे खरी उलथापालथ केली ती बर्लिनच्या डीटर कोनिगने. त्याच्या टू-स्ट्रोक मोटरी १९५० आणि १९६०च्या दशकांत आल्या आणि मिथेनॉलच्या वर्गांत अमेरिकन मोटरी एकदम म्हाताऱ्या ठरल्या. कोनिगचे चार सिलिंडरचे इंजिन मोटरसायकलला बसवून न्यूझीलंडचा किम न्यूकम १९७३ साली ५०० सीसीच्या जागतिक मालिकेत उतरला. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला त्याचा मृत्यू झाला, तरी मालिकेत दुसरा क्रमांक त्याचाच राहिला. इलिनॉयमधल्या क्विन्सी गावात ओ. एफ. क्रिस्टनरने कोनिगला उत्तर शोधले. जुन्या मर्क्युरीत पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा असे, ताजे मिश्रण त्यावर आपटून वर वळे. क्रिस्टनरने हा उंचवटा काढून टाकला आणि मिश्रण बाजूच्या वाटांनी आत आणून वळसा घेईल अशी सिलिंडरची रचना केली. कल्पना १९२०च्या दशकातल्या श्नुर्ले या जर्मन अभियंत्याची, पण गावातल्या वेल्डिंगच्या कारखान्यात ती मर्क्युरीवर उतरवून त्याने कोनिगशी टक्कर दिली. ‘क्विन्सी लूपर’ आज संग्राहकांच्या यादीत फार वर असते, आणि तिथे ती असायलाच हवी.

दोन बाजूच्या वाटाही सांगायला हव्यात. जपानमध्ये १९५२ साली नागासाकीजवळच्या ओमुरात सुरू झालेली क्योतेई ही पैज लावण्याची होडीशर्यत आहे. सहा होड्या, घड्याळावरची सुरुवात, आणि सगळ्यांना यामातो कंपनीच्या एकसारख्या मोटरी, त्याही चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या. तिथे निवृत्त झालेल्या मोटरी अमेरिकेतल्या ‘स्टॉक’, म्हणजे कारखान्यातून आल्या तशा मोटरींच्या, वर्गांत जाऊन पुन्हा पळतात. दुसरी वाट ब्रिटिश सीगलची. १९३१ साली सुरू झालेली ही मोटर वेगासाठी कधीच नव्हती. तिला दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागे आणि ती धूर सोडत डिंगी, म्हणजे छोटी होडी, ढकलत असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने ती हजारोंनी घेतली. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले; न्यूझीलंडमध्ये मात्र लोक याच संथ मोटरींच्या शर्यती मोठ्या हौसेने भरवतात. मला या शर्यती फार महत्त्वाच्या वाटतात. स्वस्त मोटर, कमी वेग, त्यामुळे जिवाला धोका कमी, आणि तरी सिलिंडर, पंखा, होडीचा तळ यांतून एकेक पाऊल वेग काढण्याचे सगळे कौशल्य तिथेही लागतेच.

आता जपणाऱ्यांची बाजू. अमेरिकेतला अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब १९६५ सालचा. त्याच्या सदस्यांनी शेकडो विस्मृत कारखान्यांची माहिती, अनुक्रमांक आणि छापील पत्रके जमवली. हे काम शर्यतवाल्यांनी कधी केले नसते. तेही मोटरी पाण्यात घालतात, पण आरामात, एखादी फेरी मारून. त्यांचा आक्षेप धातूचा आहे. १९३० चे ॲल्युमिनियमचे ओतकाम आजच्यासारखे एकसंध नसे. क्रँकशाफ्ट हजारो वेळा पिळला गेला की आतून थकतो, आणि वरून ते कळत नाही. फ्लायव्हीलला केसाएवढी चीर असेल, आणि आजच्या इंधनावर, आजच्या पंख्यावर ते मूळ आराखड्यापेक्षा जास्त फेऱ्यांनी फिरवले, तर त्याचे तुकडे गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उडतात. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. रंगद्रव्याने चिरा शोधण्याची तपासणी केल्याशिवाय एकही जुने फ्लायव्हील शर्यतीत जाऊ नये, असे मला ठाम वाटते.

यावर शर्यतवाल्यांनी काढलेला मार्ग म्हणजे नवे भाग. कॅलिफोर्नियात रँडॉल्फ हबेलने जुन्या शर्यतीच्या मोटरींचे भाग नव्याने ओतून, कातून विकले, आणि त्याच्यामुळे ‘सी’ वर्ग कित्येक वर्षे जास्त जगला. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही यातले कष्ट कळतील: मूळ भागावरून लाकडी पॅटर्न करायचा, आटण्याचा हिशेब धरायचा, पहिली काही ओतकामे वाया घालवायची, मग कुठे भाग मिळतो. पण मग जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. क्रँककेस नवे, सिलिंडर नवे, क्रँकशाफ्ट नवा, तर १९३० चे उरले काय? शिवाय नवा धातू चांगला, माप काटेकोर. म्हणजे पैसेवाल्याची ‘जुनी’ मोटर गरिबाच्या खऱ्या जुन्या मोटरीला हरवते. नियम करणाऱ्यांची यात खरी कसोटी असते. बाहेरचा आकार, सिलिंडरमधल्या खिडक्यांची उंची आणि कार्ब्युरेटरचे भोक मूळ मापाचे असेल, तर धातू नवा असायला हरकत नाही. पण त्या भागावर बनवणाऱ्याची आणि सालाची खूण कोरलेली हवी. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी तो भाग मूळचा म्हणून विकेल, आणि त्याला खोटे ठरवणारा कोणी उरलेला नसेल.

धुराचा प्रश्नही आहे. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये इंधनाचा मोठा हिस्सा न जळताच धुराबरोबर सरळ पाण्यात जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९६ साली नव्या आउटबोर्ड मोटरींसाठी नियम केले, आणि ताहो तळ्यावर १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींना बंदी आली. शंभरेक जुन्या मोटरी वर्षातून चार दिवस पळाल्याने तळे मरत नाही, असे शर्यतवाले म्हणतात. हे खरे असले तरी पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर अशी शर्यत होऊ नये, आणि सांडलेले तेल गोळा करण्याची सोय आयोजकांनी केलीच पाहिजे. मिथेनॉलची आग दिवसा डोळ्यांना दिसत नाही, हेही इंधन भरणाऱ्या प्रत्येकाला शिकवावे लागते.

आपल्याकडे वेगाच्या होड्यांची हौस आली ती नव्या यंत्रांसह. मार्च २०१७ मध्ये मुंबईला मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटच्या शर्यती झाल्या, नोव्हेंबर २०१८ मध्ये अमरावतीला, म्हणजे आंध्रातल्या कृष्णेवर, फॉर्म्युला वन होड्या धावल्या. दोन्हीकडे गर्दी झाली, आणि होड्यांबरोबर ती यंत्रे परत गेली. मुंबईत दरवर्षी व्हिंटेज गाड्यांची फेरी निघते, त्यामुळे जुने यंत्र चालते ठेवण्यातला अभिमान इथे परका नाही. फेरीतली गाडी मात्र संथ चालते आणि तिच्यावर कोणी ताण देत नाही. होडीच्या मोटरीला तसे चालवून तिची ओळख होत नाही. पीआरचा ठोका अर्ध्या थ्रॉटलला अडखळतो, इंधन तोंडात थुंकल्यासारखे कार्ब्युरेटरमधून मागे येते, आणि पूर्ण उघडल्यावरच ती एकसारखी गाऊ लागते. तिच्या कर्त्यांनी तिला त्या एकाच अवस्थेसाठी बनवले आहे.

म्हणून माझ्या मते रेषा अशी ओढावी. ज्या मॉडेलचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने उरले असतील, त्यांची मापे, छायाचित्रे आणि ओतकामाचे आराखडे आधी नोंदवून ठेवावेत, आणि त्या मोटरी शर्यतीच्या बाहेर ठेवाव्यात. पीआर, २०एच, सीगल यांसारख्या मोटरी, ज्यांचे भाग आजही बनतात, त्या तपासणी करून, खुणा कोरलेल्या नव्या भागांसह पळवाव्यात. आणि प्रत्येक शर्यतीत एक हीट, म्हणजे एक फेरी, नवख्यांसाठी राखून ठेवावी, म्हणजे पंखा कसा घासायचा आणि दोरी कशी ओढायची हे ज्यांना येते, त्यांच्याशेजारी उभे राहून ते शिकणारा कोणीतरी त्या दिवशी पाण्यात असेल.